ब्रेक बदलला, दोष कुठे राहिला?



कामगार-संघटनेच्या माणसाने मोटारीच्या ब्रेकवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही इंजिनिअर नव्हे; जे थोडे समजते ते मिस्त्र्यांच्या शेजारी बसून आणि रात्री पुस्तके चाळून मिळवलेले आहे. पण या ब्रेकपायी एका पोराची भाकरी जाऊ घातली होती, म्हणून आम्हांस तो नीट शिकावा लागला.

कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या टॅक्सीधंद्यातून तिने निरोप घेतला; हौशी मंडळींनी मात्र ती घरी जपली आहे. तिला चारी चाकांस ड्रमब्रेक. १९५३ साली जग्वार गाडीने ल मानची शर्यत डिस्कब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हापासून डिस्कचा बोलबाला झाला, आणि आज जुन्या गाडीलाही पुढे डिस्क बसवून घेतात.

आमच्या बेलपाड्यातील एका सद्गृहस्थांनी तेच केले. पुढे बोरघाट उतरून गाडी खोपोलीस आली, तो पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि पेडल तळाला जात होते. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. गॅरेजच्या मालकाने सारा दोष हाताखालच्या पोरावर टाकला आणि त्यास घरी बसवण्याची भाषा सुरू केली. आम्ही म्हणालो, "आधी गाडीला विचारू, मग पोराला."

पुढची चाके जॅकवर उचलली, ब्रेक दाबून सोडला. चाक हाताने फिरेना. मग मास्टर सिलिंडरचे नट सैल करून तो किंचित पुढे ओढला, आणि चाक मोकळे झाले! रोग सापडला. तसे सुटले नसते, तर सिलिंडरच्या तोंडाची नळी सैल करून पाहायची. तिथे सुटले तर दोष सिलिंडरच्या पोटात. तिथेही नाही, पण कॅलिपरचा निपल उघडताच सुटले, तर रबरी नळी आतून फुगलेली. निपल उघडूनही चाक अडलेलेच, तर कॅलिपरचा पिस्टन चिकटलेला. एका वेळी एकच गाठ सोडायची, म्हणजे दोष आपणहून बोलतो.

आता कारण ऐका. पेडलचा दांडा आणि सिलिंडरचा पिस्टन यांत जेमतेम मिलिमीटरभर मोकळीक लागते. ती नसली की पिस्टन पुरता मागे येत नाही, आणि तेल टाकीत परतण्याचे बारीक भोक झाकलेले राहते. तापून फुगलेले तेल कोंडते, पॅड डिस्कला घासत राहतात, त्याने तेल आणखी तापते. शेवटी ते उकळते, त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, मग पेडल पायाखालून निघून जाते.

दांडा लांबवला कोणी? पोराने. पण का? पेडल फार खाली जाई, म्हणून मालक म्हणाला, "पेडल वर घे रे." आणि पेडल खाली का जाई? कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्यास तेल जास्त लागते. खर्च वाचावा म्हणून गाडीवाल्यांनी जुनाच लहान सिलिंडर ठेवावयास सांगितला होता. पोर म्हणाला, "काका, मी बोललो होतो, पण माझं कोण ऐकणार?"

आता पोराची चूकही सांगतो, कारण आपल्या माणसाची चूक झाकणारी संघटना फार दिवस टिकत नाही. त्याने डावा कॅलिपर उजवीकडे बसवला होता. निपल खाली गेला, आणि हवा तर वरच राहणार! पेडल दाबता स्पंजासारखे लागले तर हवा समजावी. खाली जाऊन मग घट्ट लागले, तर आधी मागचे शू सैल नाहीत ना ते पाहावे, आणि मग सिलिंडर लहान पडतो असे समजावे.

म्हणजे चुका तिघांच्या, आणि शिक्षा एकट्याला! आम्ही तिघांना समोरासमोर बसवले. योग्य मापाचा सिलिंडर आला, कॅलिपर जागच्या जागी गेले, दांडा मापात आला. पोर आजही तिथेच काम करतो.

आपल्यापैकी कोणास ही हौस असेल, तर एवढे ध्यानात ठेवा. फिरता ड्रम शूला स्वतःच ओढून घट्ट करतो. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही, म्हणून बूस्टरचा विचार आधीच करा. मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरत नाही ना, हे रिकाम्या सपाट रस्त्यावर पाहा. घाट ही परीक्षेची जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम फेरफारांविषयी आहे, आर.टी.ओ.त आधी विचारा.

आणि शेवटचे. ब्रेक हे एका भागाचे काम नव्हे. नवा भाग आणून जुन्यांच्या गळ्यात बांधला, तर बिघाड दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्या जागी. म्हणून पाना ज्याच्या हातात आहे, त्याचे बोलणे काम सुरू होण्याआधी ऐका. धूर निघाल्यावर ऐकून उपयोग काय?