रेड हेरिंग



आमच्या कामात सर्व्हर बंद पडला की लॉगमध्ये एररच्या शेकडो ओळी येतात. सगळे जिच्यावर तुटून पडतात ती ओळ बरेचदा ‘रेड हेरिंग’ निघते. खरं म्हणजे डिस्क भरलेली असते, एवढंच!

रेड हेरिंग नावाचा मासा समुद्रात नाही. हेरिंग असतो चंदेरी. मीठ लावून भरपूर धुरी दिली की तो तांबूस होतो आणि असा उग्र वास सुटतो की आपला सुका बोंबील आठवावा.

शिकारी कुत्र्यांना चकवायला हा मासा वापरत, असं सगळीकडे सांगतात. पण सतराव्या शतकातल्या इंग्रजी शिकारीच्या लेखनात तो येतो घोड्यांच्या शिक्षणासाठी. मासा ओढत न्यायचा, कुत्री त्यामागे आणि घोडे कुत्र्यांमागे. चकवण्याची गोष्ट रूढ केली पत्रकार विल्यम कॉबेटने, १८०७ मध्ये. लहानपणी आपण सशामागची कुत्री माशाने भलतीकडे नेली, असं त्याने लिहिलं. रोख होता वृत्तपत्रांवर. नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागे ती देशातले प्रश्न विसरली होती.

कुत्र्यांचं नाक मात्र बिघडलेलं नसतं. वास खराच असतो, फक्त सशाचा नसतो. आपल्या ग्रुपवर वाचनालयाच्या गळक्या छपराचा विषय निघाला आणि दोन दिवसांत चर्चा बॅनरवर कोणाचे फोटो हवेत, यावर गेली. फोटोंचा मुद्दाही खराच होता म्हणा. छपराचं चहानंतर बोलू. वर्गणीची वही मी आणली आहे.