पित्याच्या पादुका



वर्धापनोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पितृस्मरणाचा विचार करणे उचितच होय. ज्याने पित्याचे बोट धरून पहिली पावले टाकली, त्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्याला पित्याचे स्मरण करणे कठीण जात नाही. परंतु ज्याने पित्याचे मुखदेखील पाहिले नाही, त्याने स्मरण करावे तरी कशाचे? या प्रश्नाचे उत्तर देहूच्या एका पुत्राने शब्दांनी नव्हे, तर पावलांनी दिले. ते पुत्र म्हणजे श्रीतुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा.

या घराण्यात दोन गोष्टी वडिलार्जित होत्या. एक महाजनकी व सावकारी, आणि दुसरी मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून चालत आलेली पंढरीची वारी. तुकोबांचे वडील बोल्होबा यांनी दोन्ही निष्ठेने सांभाळल्या. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर तुकोबांचे मातापितर निवर्तले. पुढे 1630 च्या घोर दुष्काळात प्रथम पत्नी व पुत्र काळाने नेले. तेव्हा तुकोबांनी वडिलांची कर्जखते बाहेर काढली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना दिला, आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. व्यवहाराच्या दृष्टीने पुत्राने पित्याची मिळकत बुडविली. परंतु पूर्वजांचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्याच पुत्राने उभे केले, आणि वारी सोडली नाही. पित्याच्या मिळकतीतून काय टाकावे आणि काय राखावे, याचा विवेक हेही पितृऋण फेडणेच होय.

तथापि या विवेकाचे मोल घरातील माणसांना द्यावे लागले. 1650 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबांचे वैकुंठगमन झाले. भाविकांच्या दृष्टीने तो परमसोहळा होय. परंतु जिजाबाईंच्या पदरात मुले होती, आणि नारायण अद्याप गर्भात होता. लोक ज्याला संत म्हणून वंदन करीत, तो पिता या बालकाच्या वाट्याला एक दिवसही आला नाही. अशा पुत्राच्या मनात पित्याविषयी गाऱ्हाणे उपजले असते, तर त्याला दोष कोणी दिला असता?

नारायणबाबांच्या अंतःकरणात काय होते, हे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. त्यांनी केले काय, ते मात्र सर्वांपुढे आहे. वयाच्या पस्तिशीत, 1685 साली, त्यांनी तुकोबांच्या पादुका पालखीत ठेविल्या, आळंदीस जाऊन ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका सोबत घेतल्या, आणि भजन करीत पंढरीची वाट धरली. ते दिवस सुखाचे नव्हते. औरंगजेबाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या होत्या, आणि त्याच वर्षी विजापुरास मोगलांचा वेढा पडला. अशा काळात पुत्राने पित्याचे स्मरण घरात कोंडून ठेविले नाही. ते रस्त्यावर आणून सर्वांच्या स्वाधीन केले. ज्याला पित्याचे बोट धरून चालता आले नाही, तो पित्याच्या पादुकांसवे चालला.

पुढे एकोणिसाव्या शतकात, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा स्वतंत्र पालखीसोहळा सुरू केला. त्या सोहळ्याचे अश्व आजही बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीस चालत येतात. तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघते. एका पुत्राच्या स्मरणाने अशी किती घरे, किती गावे एकत्र गुंफली गेली!

विठ्ठल विटेवर उभा राहिला, तो पुंडलिक मातापित्यांच्या सेवेत गुंतला होता म्हणून, असे परंपरा सांगते. देवानेही ज्या सेवेसाठी वाट पाहिली, तिची थोरवी आणखी काय सांगावी? परंतु पुंडलिकाला सेवेसाठी मातापितर समोर होते. नारायणबाबांपुढे केवळ वाट होती. ज्यांचे वडील आज हयात आहेत, त्यांनी पुंडलिकाकडे पाहावे. ज्यांचे गेले आहेत, त्यांनी नारायणबाबांकडे पाहावे. पित्याने अर्धवट सोडलेले एखादे सत्कार्य शोधून ते चार पावले पुढे न्यावे. तिलांजली वर्षातून एकदा देता येते. चालणे मात्र रोजचे असते.