वजनकाट्यापूर्वीचा संवाद



मुळा धरणाच्या पाण्यावर राहुरीच्या शिवारात ऊस डोलू लागला. बांधावरून चालत जाणारा शेतकरी दुचाकीवर बसला. अंगमेहनत घटली, कपातली साखर मात्र घटली नाही. या बदलाचे परिणाम सर्वप्रथम दिसतात ते फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात.

गुडघेदुखीसाठी आलेल्या स्त्रीला ‘आधी वजन कमी करा’ एवढेच ऐकवले जाते. ती ओशाळते आणि पुन्हा येत नाही. तिचा रक्तदाब, तिची साखर तपासायची राहूनच जाते. वजनाइतकाच हा अबोलाही घातक आहे.

चरकसंहितेच्या ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूल व्यक्तीची गणना निंदितांत आहे, हे खरे. परंतु तेथेच अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’, म्हणजे आनुवंशिकता, हेही कारण सांगितले आहे. समाजाने निंदा तेवढी लक्षात ठेवली!

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २५ झाला की स्थूलता मानतात आणि कंबरही मोजतात. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा.

‘वजनाविषयी बोलू या का?’ असे आधी विचारावे. काटा आडोशाला असावा. रक्तदाबाचा रुंद पट्टा हाताशी ठेवावा. अरुंद पट्ट्याने दाब खोटाच जास्त दिसतो. घोरणे, थायरॉइड, चालू असलेली स्टिरॉइडे यांची चौकशी व्हावी. नव्वद किलोच्या रुग्णाने साडेचार किलो उतरवले, तरी साखर व रक्तदाब सुधारू लागतात. तेवढेच पहिले उद्दिष्ट पुरे. घरातल्या सुनेला स्वतःपुरते वेगळे शिजवता येत नाही, हे तिच्या डॉक्टरांना ठाऊक असते. तेव्हा सासूबाईंनाही बोलावून घ्यावे.

उतरलेले वजन पुन्हा चढले, तर दोष देऊ नये. वजन घटताच शरीर भूक वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडते. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली नवी इंजेक्शने काहींना उपयोगी पडतात. परंतु ती बंद केल्यावर वजन बहुधा परतते, हे आरंभीच सांगावे. आणि गुडघे दुखणाऱ्या त्या भगिनीला वेदनेवर औषध त्याच दिवशी द्यावे, पुढच्या भेटीची तारीख चिठ्ठीवर लिहून.