दूरध्वनीवरील सोबत



वय वाढले की माणसाचे चालणे कमी होते. ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. तिची दखल मात्र फार उशिरा घेतली जाते. प्रथम जिना टाळला जातो, मग बाजार, मग सायंकाळची फेरी. घरातील मंडळीही प्रेमापोटी ‘तुम्ही बसा, आम्ही आणतो’ असे म्हणतात. पाहता पाहता पायांतील बळ सरते, तोल जाऊ लागतो आणि एके दिवशी स्नानगृहापर्यंत जाण्यासही दुसऱ्याचा हात लागतो. वार्धक्यातील खरी हानी वयाची नसून या गमावलेल्या स्वावलंबनाची असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनीही आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे, भरभर चालण्यासारखे मध्यम श्रम करावेत. शिवाय तोल आणि बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत. चालणे हितकारक आहे हे ज्याने ऐकलेले नाही, असा ज्येष्ठ विरळाच. अडचण ज्ञानाची नसून सातत्याची आहे. संकल्प सोमवारी होतो आणि गुरुवारी विरतो.

या सातत्याच्या प्रश्नावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. अ‍ॅबी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे काम केले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ५० ते ६५ वयाचे ३५७ स्त्री-पुरुष सहभागी होते. काहींनी वर्गात एकत्र येऊन व्यायाम केला, तर काहींनी घरच्या घरी. त्यांची विचारपूस दूरध्वनीवरून होत असे. वर्षभर नेम पाळण्यात घरी व्यायाम करणारेच पुढे राहिले. वर्गाची ठरावीक वेळ आणि जाण्यायेण्याची दगदग त्यांना आड आली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु येथे हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. पगारी तज्ज्ञ माणसे किती जणांना आणि किती काळ दूरध्वनी करणार? तेव्हा हेच काम प्रशिक्षण घेतलेल्या समवयस्क स्वयंसेवकांकडून होईल काय, याची परीक्षा त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २००३ ते २००८ या काळात घेतली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ५० वर्षे व त्यापुढील, बैठे जीवन जगणारे १८१ जण आणि १२ स्वयंसेवक त्यात होते. एका गटाला तज्ज्ञांचे दूरध्वनी येत, दुसऱ्याला स्वयंसेवकांचे. तिसऱ्या गटालाही दूरध्वनी येत. मात्र त्यांवर चर्चा आहाराची होई. नुसत्या विचारपुशीने फरक पडतो की व्यायामाविषयीच्या मार्गदर्शनाने, हे त्यावरून पडताळता येणार होते.

२०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी आणि वर्षाअखेरीसही, आहाराच्या गटाच्या तुलनेत व्यायामाच्या दोन्ही गटांची हालचाल लक्षणीय वाढलेली होती. स्वयंसेवक तज्ज्ञांच्या मागे राहिले नाहीत. 

अशा संभाषणात घडते तरी काय? समजा, एका निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटे चालायचे ठरविले आणि प्रत्यक्षात ती एकच दिवस चालली. समवयस्क मैत्रीण तिला रागावत नाही. नेमके काय आड आले, हे ती विचारते. गुडघा दुखला, पाऊस होता की एकटीला कंटाळा आला? मग दोघी मिळून पुढील आठवड्यासाठी झेपेल असे लहान उद्दिष्ट ठरवितात. शिक्षिका ते वहीत नोंदवते. पुढचा दूरध्वनी केव्हा येणार, हेही ठरलेले असते. ही ठरलेली वेळच माणसाला दारापर्यंत नेते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. याच संशोधकांच्या २००७ सालच्या, २१८ जणांच्या अभ्यासात संगणकाने आपोआप केलेल्या दूरध्वनींनीही लोकांची हालचाल वाढली होती. म्हणजे केवळ गोड आवाजात जादू नसते. नियमित विचारणा, लहान उद्दिष्ट आणि लेखी नोंद यांत खरे बळ आहे. मात्र ही त्रिसूत्री सांभाळण्यासाठी पदवी लागत नाही, हेच ज्येष्ठांच्या दृष्टीने आशादायक आहे.

अर्थात स्वयंसेवकाने आपली मर्यादा ओळखली पाहिजे. औषध सुचविणे हे त्याचे काम नव्हे. छातीत दुखणे, चक्कर येणे, अकस्मात धाप लागणे असे काही कानावर आले, तर व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जाण्यास त्याने सांगावे. हृदयविकार किंवा अन्य जुना आजार असलेल्यांनी तर प्रारंभीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बंधुभगिनींनो, प्रत्येक ज्येष्ठाच्या वहीत असा एक तरी क्रमांक असतो, जो सणावाराखेरीज फिरविला जात नाही. त्या क्रमांकापलीकडे एक समवयस्क खुर्चीत बसलेला असतो. ‘आज किती चाललात?’ हा प्रश्न त्याला दर आठवड्याला ठरलेल्या वेळी विचारणारा कोणी मिळाला, तर तो उठेल. आणि विचारणाऱ्यालाही उत्तर देण्याजोगे काही असावे म्हणून तोही घराबाहेर पडेल. एका दूरध्वनीने दोन माणसे चालू लागावीत, याहून किफायतशीर सेवा कोणती?