हिरवळीवरचा डॉलर डाग

गोल्फच्या मैदानावरची बारीक कापलेली हिरवळ पहाटेच्या दवात पाहिली, तर कधी कधी तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसते. मग चांदीच्या डॉलरएवढे वाळके डाग पडतात. हाच 'डॉलर स्पॉट'. अमेरिकेत याच्यासाठी बुरशीनाशकांवर अफाट खर्च होतो.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाने औषधाऐवजी गवतच बदलायचं ठरवलं. अशा हिरवळीसाठी लावतात त्या बेंटग्रास गवताची हजारो रोपं सुटी सुटी लावायची, धान्यावर वाढवलेली बुरशी मुद्दाम त्यांच्यावर टाकायची आणि फवारणी करायची नाही. जी रोपं तगली, त्यांचाच आपसांत संकर करायचा, वर्षानुवर्षं हेच. त्यातून 'डिक्लरेशन'सारखं वाण आलं. ही प्रतिकारशक्ती अनेक जनुकांत विखुरलेली असल्यामुळे रोग पुरता जात नाही, पण फवारण्या कमी होतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण फवारलेल्या औषधाचा काही अंश ओढ्यानाल्यांत उतरू शकतो.

रायग्रास या दुसऱ्या गवतावर येणाऱ्या राखाडी ठिपक्याच्या रोगाची बुरशी तर आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची: पायरिक्युलेरिया ओरायझी. भातावर करपा आणते तीच. फक्त गवतावरचा तिचा प्रकार वेगळा. तिलाही तोंड देणारी रायग्रासची वाणं आता बाजारात आहेत.