आईचा हात

नाटकाच्या तिकिटांच्या गडबडीत या विषयाला दहा मिनिटं दिली, त्याबद्दल कार्यकारिणीचे मनापासून आभार. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नाही. सांगतोय ते आईच्या हाताने आम्हाला शिकवलेलं आहे.

आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन भारतात झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. ऑपरेशन उत्तम झालं. पण पुढे हात सुजू शकतो हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दीड वर्षाने आई फ्रिस्कोला आली ती डाव्या हातातल्या बांगड्या काढूनच. "जाड झालेय मी," म्हणाली. एकच हात कसा जाड होईल, हा प्रश्न दोन इंजिनिअरांना पडला नाही!

याला लिम्फोडिमा म्हणतात. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्या शरीरात असतात, आणि या गाठी म्हणजे त्यांची जंक्शनं. त्या काढल्या किंवा रेडिएशनने खराब झाल्या की निचरा तुंबतो. विदर्भातल्या हत्तीरोगात डासांमार्फत आलेले कृमी हेच करतात. इथे डासांचा संबंध नाही, आणि हे कोणाला लागतही नाही. आईला मात्र लोक काय म्हणतील याचीच धास्ती जास्त. सूज काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही. ती कायमची जात नाही, पण आटोक्यात राहते.

आमची मोठी चूक गणपतीत झाली. मोदकपात्राचं झाकण उघडताना आईचं बोट वाफेने भाजलं. हळद लावली आणि विसरलो. दुसऱ्या रात्री कोपरापर्यंत हात लालभडक, गरम, आणि हुडहुडी भरून ताप. सेल्युलायटिस! अशा हातात जंतुसंसर्ग भराभर पसरतो आणि उरलेल्या नळ्याही बिघडवतो. तीन दिवस शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं. तेव्हा लाली आणि ताप दिसला तर सकाळची वाट बघू नका.

नंतर लिम्फोडिमाची थेरपिस्ट भेटली. आधी बँडेज आणि अगदी हलका मसाज. आपली रगडून केलेली तेलमालिश नव्हे, त्वचा नुसती सरकवायची. सूज उतरल्यावर मापाची घट्ट स्लीव्ह. ती सकाळीच चढवायची, रबरी हातमोजे घातले की सोपं जातं. टेक्सासच्या जुलैत ती घालणं म्हणजे शिक्षाच, पण आई घालते. दर रविवारी टेपने माप घेऊन आम्ही एक्सेलमध्ये टाकतो (सवय!). पोळ्या लाटणं बंद करायला निघालो होतो, थेरपिस्टनेच थांबवलं. हळूहळू वजनं वाढवत व्यायाम केला तर सूज वाढत नाही, असं १४१ स्त्रियांवरच्या अभ्यासात दिसलं. तो २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

स्लीव्ह वापरून सैल पडते, पुन्हा घ्यावी लागते. मेडिकेअर १ जानेवारी २०२४ पासून त्याचे पैसे देतं, डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्यामुळे. पण भेटीला आलेल्या आईवडिलांना मेडिकेअर नसतं, आणि आपल्या गावाकडच्या पेशंटला तर खिशातूनच घ्यावी लागते. आजचा निधी त्यांच्या स्लीव्हजसाठी आहे.

दाराजवळच्या टेबलावर आई बसली आहे. स्लीव्ह कशी चढवायची ते ती दाखवेल. विचारायला लाजू नका, ती आता लाजत नाही.