ढगातलं दप्तर

(श्रीपूर, तालुका माळशिरस इथल्या युवक शिबिरातलं भाषण)



विषय दिलाय मोबाईल आणि क्लाऊड, धंद्यातला त्यांचा वापर, संधी आणि अडचणी. विषय ऐकून मघाशी दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, मी बघितली. हे बंगलोरच्या हॉटेलात कोटटाय घालून बोलायचं, श्रीपुरात त्याचं काय? श्रीपुरातच त्याचं हाय. १९३४ साली निघालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटनं इथं साखर कारखाना घातला, तेव्हापासून या गावाचं पोट उसावर आहे. आणि आज उसाचं टिपरू न् टिपरू मोबाईलमधून ढगात जातंय.

आधी ढग म्हंजे काय ते समजून घ्या. ढगबिग काही नाही. ऐरोलीला जा, महापेला जा, पनवेलला जा. टोलेजंग इमारती दिसतील, आत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. ते तापतात म्हणून त्यांना थंड ठेवायला वीज न् पाणी. मायक्रोसॉफ्टनं आपलं हे दुकान २०१५ साली पुण्यात आणि मुंबईत थाटलं, ॲमेझॉननं २०१६ ला मुंबईत, गूगलनं २०१७ ला. कारखान्यानं, बँकेनं, सरकारी खात्यानं स्वतःचं यंत्र घ्यायचं नाही, यांचं भाड्यानं घ्यायचं. वापरलं तेवढं बिल. बैल पाळायचे नाहीत, लागतील तेव्हा आणायचे. हिशेब सोपा वाटतो. पण दहा वर्षांचं दप्तर एकदा त्यांच्या गोठ्यात गेलं की सोडवून दुसरीकडं न्यायला पैसा लागतो, वेळ लागतो. दावं त्यांच्या हातात राहतं.

आता फडात या. पूर्वी कारखान्याचा चिटबॉय वही घेऊन बांधाबांधानं फिरायचा. लागणीची तारीख, गट नंबर, जात ८६०३२ का दुसरी, सगळं पेन्सिलीनं लिहायचा. मर्जीतल्या बागायतदाराचा ऊस आधी तुटायचा, लहान शेतकऱ्याचा फडातच वाळायचा. आता कितीतरी कारखान्यांचा चिटबॉय मोबाईल घेऊन येतो. शेताच्या कडेनं फिरला की क्षेत्र आपोआप नोंदलं जातं. लागण तारखेवरून तोडणीचा क्रम लागतो. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन थेट कॉम्प्युटरात, आणि शेतकऱ्याच्या खिशात मेसेज वाजतो. काटा मारला जातो म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं बोंबलत होता. नोंद अशी सरळ जात असेल तर काटामारीची एक वाट तरी अडते. हे चांगलं हाय. चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काही जात नाही.

नीरेच्या वरच्या अंगाला बारामतीत त्याच्याही पुढचं चाललंय. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाला सोबत घेऊन उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. २०२४ साली तो शेतकऱ्यांच्या रानात गेला. उपग्रह वरून पानाचा रंग बघतो, जमिनीत पुरलेला सेन्सर ओल मोजतो, हवामान केंद्र वारा-पाऊस सांगतं. हे सगळं ढगात गोळा होतं आणि शेतकऱ्याला मोबाईलवर कळतं, आज पाणी दे, उद्या खत दे. मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी २०२५ च्या जानेवारीत या प्रयोगाचं कौतुक जगाला ऐकवलं.

म्हंजे उसाला तहान लागली की ढगाला कळतं. आता सांगा, ऊस तोडणाऱ्या बाईला तहान लागली की कुणाला कळतं?

मी हे टाळीसाठी विचारत नाही. हा प्रश्न हिशेबाचा आहे. वजनाचा मेसेज जातो उसाच्या मालकाला. वाहतुकीचा हिशेब जातो ठेकेदाराला. ज्यानं तो टन कोयत्यानं पाडला, मोळी बांधली, डोक्यावर नेऊन गाडीत भरली, त्याचा हिशेब मुकादमाच्या डायरीत. उचल किती, फिटली किती, अंगावर किती, हे मुकादम सांगेल ते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, पेपरात मोठं छापून आलं. पण आपण किती टन तोडले हेच ज्याच्या हातात लेखी नाही, तो वाढ मोजणार कशावर? आणि बाईचं तर विचारूच नका. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, चार हात, आणि नोंदीत एक अवजार. उचल नवऱ्याच्या नावावर, मोबाईल नवऱ्याच्या हातात. ती कुठल्याच ढगात नाही.

हे नवीन नाही. आपल्या पणजोबांना विचारा. महार गावची शीव राखायचा. शिवेचा वाद निघाला की त्याची साक्ष मानली जायची. कुठला दगड कुणी हलवला, कुठल्या बांधावर कुठलं झाड होतं, सारं त्याच्या डोक्यात. सरकारी टपाल तोच पोचवायचा, सारा तोच नेऊन भरायचा. गावाची चालतीबोलती नोंद होता तो. पण दप्तर कुणाकडं? कुलकर्ण्याकडं. पाय आपले, आठवण आपली, कागद त्यांचा. या वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं, आणि वतनं कायद्यानं गेली १९५८ मध्ये. तीस वर्षं लागली. आता दप्तर वाड्यातून ऐरोलीला गेलंय. पाय मात्र अजून आपलेच पळतायत. पाठीवर चौकोनी बॅग, खाली भाड्याची गाडी, आणि कुठं वळायचं ते मोबाईल सांगतोय. नीती आयोगानंच २०२२ मध्ये सांगितलं की असं काम करणारे २०२०-२१ ला ७७ लाख होते, २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील. त्यांना कोण कामावरून काढतं? साहेब नाही, मुकादमही नाही. सकाळी ॲप उघडत नाही, बस्स. भांडायला समोर माणूसच नाही.

तेव्हा ढगच नको, असं म्हणायचं का? अजिबात नाही. गांधींचा यंत्रावरचा राग बाबासाहेबांना मान्य नव्हता. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी साफ मांडलं की दोष यंत्राचा नाही, ज्या समाजरचनेत यंत्राचा फायदा मूठभरांनाच होतो तिचा आहे. यंत्र टाळून आपलं भलं झालेलं नाही. यंत्राच्या कुठल्या खात्यात आपल्याला घेतलं, एवढाच प्रश्न होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला बंदी होती. का? तर तुटलेला धागा तोंडात ओला करून जोडावा लागायचा, आणि आपल्या थुंकीनं बाकीचे बाटायचे. विणकामात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हेच पुढं आणलं. यंत्र मँचेस्टरचं होतं, विटाळ इथलाच.

आजचं विणकाम खातं कुठलं? ज्या टेबलावर सॉफ्टवेअर लिहिलं जातं, नोंदीचे रकाने ठरतात, ते. तिथंही धागा तसाच आहे. २०२० साली कॅलिफोर्निया सरकारनं सिस्को कंपनीवर खटला घातला. एका दलित इंजिनिअरला सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं, असा आरोप. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा तेव्हा घेतला नाही. २०२२ मध्ये गूगलमध्ये जातीवरचं एक व्याख्यान ठरलं होतं, ते रद्द झालं, आणि ते ठरवणाऱ्या बाईंनी नोकरी सोडली. त्याच सिॲटल शहरात, जिथं ॲमेझॉनचं मुख्यालय आहे, २०२३ च्या फेब्रुवारीत जातिभेदाला बंदी घालणारा कायदा झाला. लढल्याशिवाय तिथंही काही झालं नाही.

संधी म्हणतात ती इथंच आहे, आणि ती खरी आहे. पूर्वी असा हिशेब ठेवायला लाखाचं यंत्र, एसीची खोली लागायची. आता सोलापूरच्या झोपडपट्टीतला पोरगाही तोच क्लाऊड तासाच्या भाड्यानं घेऊ शकतो. सुरुवातीला काही सेवा फुकटच असतात. भांडवल नाही म्हणून दार बंद, असं आता पूर्ण खरं नाही. शिकायचं तर फक्त ॲप वापरायला शिकू नका, ॲप बनवायला शिका. पोराला डिलिव्हरीला लावणारे खूप भेटतील, डेटाबेस शिकवणारा शोधावा लागेल.

अडचणी? रेंज. फडात रेंज नसते, ढगाला फड दिसत नाही. बोटं. कोयता धरून, पाचट ओढून बोटांवरच्या रेघा झिजतात, आणि अंगठा उठत नाही म्हणून रेशन अडतं. गंमत बघा, देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली दिलं आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत, आदिवासी बाईला. आणि सगळं एकाच खुंटीला टांगलं की काय होतं? १९ जुलै २०२४ ला एका कंपनीच्या चुकीच्या अपडेटनं जगभरचे ८५ लाख कॉम्प्युटर झोपले, आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. विमानवाल्याला पेन सापडलं. रोजगार हमीच्या कामावर मात्र २०२३ पासून हजेरी मोबाईलच्या फोटोनंच सक्तीची केली होती, दिवसातून दोनदा. फोटो चढला नाही की दिवसभर खणलेला खड्डा सरकारच्या लेखी खणलाच नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. खाजगीपण हा मूलभूत हक्क, हे सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांना पुढं अठरा महिन्यांची मुदत दिली. तुमची कुठली माहिती ठेवलीय ते विचारायचा, चुकलेली दुरुस्त करून घ्यायचा हक्क त्यात आहे. पण याच कायद्यानं माहिती अधिकारातलं एक कलमही बदललं. 'ही वैयक्तिक माहिती आहे' म्हणून मस्टर दाखवायला नाही म्हणणं आता सोपं झालंय. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं. वकिली शिकणाऱ्यांनी हे कलम पाठ करा.

उद्या सकाळी आपण तोडणीवाल्यांच्या तळावर जाणार आहोत. भाषण द्यायला नाही. प्रत्येक टोळीसाठी मोबाईलवर एक साधा तक्ता करायचा: तारीख, गट नंबर, गाडी नंबर, वजन. काट्याच्या पावतीचा फोटो सोबत. रेंज नसली तरी भरता आला पाहिजे, रेंजमध्ये आल्यावर वर चढेल. मराठीत असेल, आणि वाचता येत नाही त्याला ऐकता येईल असा. एक प्रत टोळीकडं, एक आपल्याकडं, आणि एक कागदावर, कारण ढगावर मी पण भरवसा ठेवत नाही. आणि नावाच्या रकान्यात कोयता लिहायचं नाही. नवऱ्याची एक ओळ, बायकोची दुसरी, तिचं पूर्ण नाव तिला विचारून. फोन चार्ज करून या, तळावर वीज नसते.